रुग्णालयीन कक्षांतील हस्तस्वच्छता-परीक्षण : स्वरूप, दोष आणि सुधारणेच्या दिशा

प्रस्तावना

रुग्ण ज्या आजारासाठी रुग्णालयात दाखल होतो, त्याव्यतिरिक्त एखादा नवा संसर्ग त्यास रुग्णालयातच होणे ही समस्या रुग्णालय या संस्थेइतकीच जुनी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी उच्च उत्पन्न गटातील देशांत ७ जणांना, तर अल्प व मध्यम उत्पन्न गटातील देशांत १५ जणांना किमान एक रुग्णालयजन्य संसर्ग होतो. अशा बाधित रुग्णांपैकी सरासरी दहांमागे एक रुग्ण दगावतो. या संसर्गाच्या प्रसाराचे सर्वांत मोठे साधन म्हणजे आरोग्यसेवकांचे हात होत, आणि त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ते हात योग्य वेळी स्वच्छ करणे होय. ही बाब परिचर्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही ठाऊक असते. प्रश्न ज्ञानाचा नसून आचरणाचा आहे. आणि आचरण किती होते हे कळावयाचे तर ते मोजावे लागते.

या मोजणीस हस्तस्वच्छता-परीक्षण म्हणतात. वॉर्डच्या रोजच्या बोलीत ते नुसते ‘ऑडिट’ असते. अनेक रुग्णालयांत ही जबाबदारी त्या त्या कक्षातील परिसेविका वा अधिपरिचारिका यांच्यावर सोपविलेली असते. महिनाअखेरीस तक्ता भरला जातो, टक्केवारी काढली जाते आणि ती सूचनाफलकावर लागते. पुष्कळदा ही टक्केवारी ९० च्या वर असते. त्याच कक्षात शिरेतील सलाईनच्या जागी पू होणे, शस्त्रक्रियेची जखम चिघळणे, नवजात अर्भकास जंतुदोष होणे हेही चालूच असते. फलकावरील आकडा आणि खाटेवरील वस्तुस्थिती यांच्यातील ही तफावत कशामुळे निर्माण होते आणि ती कमी कशी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्हिएन्ना येथील नोंदी

हस्तस्वच्छतेचा इतिहास सांगताना इग्नाझ सेमेलवाइस यांचे नाव अपरिहार्यपणे येते. परंतु त्यांच्या कार्याचे मूळ रुग्णालयाच्या नोंदवहीत होते, याकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांचे, तर दुसऱ्यात सुइणींचे प्रशिक्षण चाले. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागातील २०,०४२ प्रसूतींमागे १,९८९ माता दगावल्या, म्हणजे ९.९२ टक्के, दुसऱ्या विभागात १७,७९१ प्रसूतींमागे ६९१, म्हणजे ३.८८ टक्के. इमारत एक, शहर एक, हवा एक. आणि तरीही हा फरक. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्यांचे हात हेच त्याचे कारण असावे, या निष्कर्षाप्रत सेमेलवाइस आले आणि मे १८४७ पासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. १८४८ मध्ये पहिल्या विभागातील मृत्यूचे प्रमाण १.२७ टक्क्यांवर आले.

आजच्या परीक्षणाच्या दृष्टीने याहून अधिक बोधक घटना ऑक्टोबर १८४७ मधील आहे. कक्षाची फेरी जेथून सुरू होई त्या पहिल्याच खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाने ग्रस्त आणि स्राव होत असलेली एक रुग्णा होती. तिची तपासणी झाल्यावर तपासणाऱ्यांनी केवळ साबणाने हात धुतले आणि ते पुढच्या खाटांकडे वळले. त्यानंतर तपासलेल्या बारा प्रसूत स्त्रियांपैकी अकरा दगावल्या. कक्षात शिरताना सर्वांनी द्रावणात हात बुडविले होते. त्या दिवशी दारात उभे राहून कोणी परीक्षण केले असते, तर त्याच्या तक्त्यावर १०० टक्के अशी नोंद झाली असती. यानंतरच सेमेलवाइस यांनी प्रत्येक रुग्णाच्या मधल्या वेळेत हात निर्जंतुक करण्याचा नियम केला. हात धुतले की नाही, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. कोणत्या क्षणी धुतले, हा खरा प्रश्न आहे.

संधी, निमित्त आणि कृती

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ‘स्वच्छ सेवा म्हणजे अधिक सुरक्षित सेवा’ या आशयाची मोहीम हाती घेतली आणि २००९ साली हस्तस्वच्छतेची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आज जगभर प्रचलित असलेली ‘पाच क्षणां’ची संकल्पना त्यांतच अंतर्भूत आहे : रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, शरीरद्रवांशी संपर्क येण्याचा संभव असलेल्या कृतीनंतर, रुग्णस्पर्शानंतर आणि रुग्णाच्या निकटच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. हे पाच क्षण म्हणजे निमित्ते होत. एक वा अनेक निमित्तांमुळे हात स्वच्छ करणे जेव्हा आवश्यक ठरते, तेव्हा ती एक संधी होते. आणि त्या संधीत प्रत्यक्ष हात चोळले वा धुतले गेले तर ती कृती होय. एकूण कृतींना एकूण संधींनी भागून शंभराने गुणले म्हणजे अनुपालनाची टक्केवारी मिळते. सूत्र इतके साधे आहे की, त्यात चूक होईल असे कोणास वाटत नाही. वस्तुतः बहुसंख्य चुका छेदस्थानीच होतात.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. अधिपरिचारिका चौथ्या खाटेजवळ येते, रुग्णाचा रक्तदाब मोजते, नंतर इंट्राकॅथमधून इंजेक्शन देते, रक्ताने भिजलेला कापूस उचलून डब्यात टाकते आणि पाचव्या खाटेवरील रुग्णाची नाडी पाहते. या सर्व वेळात तिने दोन खाटांच्या मध्ये एकदाच हॅण्डरब वापरले. येथे निमित्ते पाच आहेत : रक्तदाब मोजण्यापूर्वीचे, इंजेक्शनपूर्वीचे, कापूस हाताळल्यानंतरचे, चौथा रुग्ण सोडतानाचे आणि पाचव्या रुग्णास स्पर्श करण्यापूर्वीचे. यांपैकी शेवटची तीन एकाच मोकळ्या वेळेत एकवटतात, म्हणून ती एकच संधी होते. एकूण संधी तीन, कृती एक. अनुपालन ३३ टक्के. परंतु निमित्ते व संधी यांत भेद न करणारा निरीक्षक पाचांपैकी तीन निमित्ते पाळली गेली असे मानून ६० टक्के लिहील. केवळ खाटेकडे जाताना व खाटेवरून निघताना पाहणारा दोहोंपैकी एक म्हणून ५० टक्के लिहील. परिचारिका तीच, काही मिनिटांचा काळ तोच, आणि आकडे तीन. यांत जी संधी सर्वांत सहज निसटते ती इंजेक्शनपूर्वीची. कारण परिचारिका तेव्हा आधीच रुग्णाजवळ असते. जंतू थेट रक्तात जाण्याचा धोका मात्र नेमका तेथेच असतो.

हातमोज्यांविषयीही असाच गैरसमज आढळतो. मोजे घातले आहेत म्हणून हात स्वच्छ करण्याची गरज उरत नाही, असे मानून निरीक्षक ती संधी तक्त्यातून वगळतो. प्रत्यक्षात मोजे घालणे हे हस्तस्वच्छतेला पर्याय नव्हे. संधी असताना हात स्वच्छ न करता केवळ मोजे चढविले असतील, तर ती चुकलेली संधी म्हणून नोंदविली पाहिजे. एकाच मोज्यांनिशी तीन रुग्णांचे रक्त काढण्याचा प्रकार तक्त्यात दिसत नाही, तो याच कारणाने.

आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयांच्या संदर्भात आणखी एक अडचण आहे. या पद्धतीत ‘रुग्णपरिसर’ अशी एक सीमा कल्पिलेली असते : रुग्ण, त्याची खाट, लॉकर, सलाईनचा स्टँड इत्यादी. गर्दीच्या सर्वसाधारण कक्षात दोन खाटांमध्ये तिसरी गादी जमिनीवर असते आणि एकच स्टँड दोघांच्या बाटल्या सांभाळतो. तेथे एका रुग्णाचा परिसर कोठे संपतो व दुसऱ्याचा कोठे सुरू होतो, हे निरीक्षकाने ठरवावयाचे तरी कसे? शिवाय रुग्णास उठविणे, भरविणे, भांडे देणे ही कामे बहुतांशी नातेवाईक करतात आणि त्यांचे हात या तक्त्यात येतच नाहीत. म्हणून परीक्षण सुरू करण्यापूर्वी प्रत्येक कक्षाने आपल्या खाटांची मांडणी समोर ठेवून रुग्णपरिसराची स्थानिक व्याख्या लेखी करून घेणे इष्ट ठरते.

निरीक्षक आणि निरीक्षित

शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांवरून, आपल्यावर कोणाची नजर आहे या जाणिवेने माणसाचे वर्तन बदलते या निरीक्षणास ‘हॉथॉर्न परिणाम’ हे नाव पडले. मूळ प्रयोगांच्या अन्वयार्थाबद्दल पुढे बरेच वाद झाले. तथापि हस्तस्वच्छतेच्या क्षेत्रात या परिणामाचा पुरावा भक्कम आहे. टोरांटो येथे झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या साहाय्याने असे दिसून आले की, परीक्षक नजरेच्या टप्प्यात असताना मार्गिकेतील हॅण्डरबचा वापर, तो दिसत नसतानाच्या तुलनेत, सुमारे तिप्पट होता. त्याच शहरातील २०१६ सालच्या दुसऱ्या अभ्यासात गुप्तपणे निरीक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ५० टक्के अनुपालन नोंदविले; त्याच काळात रुग्णालयाच्या उघड परीक्षकांची नोंद ८३.७ टक्के होती. वरिष्ठ डॉक्टरांनी स्वतः हात स्वच्छ केले की सोबतचे प्रशिक्षणार्थीही ते करतात, हेही या अभ्यासात दिसले. आपल्याकडे राउंडच्या वेळी याचा प्रत्यय कोणासही येऊ शकेल.

कक्षातील कर्मचाऱ्यानेच आपल्या कक्षाचे परीक्षण करावयाचे असेल, तर या परिणामात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली आपुलकीची. रात्रपाळीत आपल्यासाठी थांबलेल्या सहकारी सिस्टरच्या नावापुढे ‘नाही’ अशी खूण करणे सोपे नसते. दुसरी भीतीची, आणि ती अधिक गंभीर आहे. रुग्णालयातील श्रेणीव्यवस्थेत अधिपरिचारिकेने विभागप्रमुखांच्या चुकलेल्या संधीची नोंद करणे, हे तिच्याकडून अपेक्षित असले तरी व्यवहार्य नसते. परिणामी डॉक्टरांचा रकाना एकतर रिकामा राहतो किंवा अंदाजाने भरला जातो. आणि ज्यांच्याबद्दल निर्भयपणे लिहिता येते त्या कक्षसेवक, मावशी व विद्यार्थिनींच्या नोंदी भरपूर होतात. असा तक्ता कक्षातील सत्तासंबंधांचे चित्र म्हणून फार तर वाचनीय ठरेल.

यावर उपाय म्हणून बाहेरचा परीक्षक आणणे किंवा गुप्त परीक्षण करणे असे सुचविले जाते. दोहोंना मर्यादा आहेत. संसर्ग नियंत्रण परिचारिका पुष्कळ ठिकाणी संपूर्ण रुग्णालयासाठी एकच असते, तर गुप्त निरीक्षण उघड झाले की कक्षाचा विश्वास जातो. उलटपक्षी, कक्षातील कर्मचाऱ्यास कामाचा क्रम ठाऊक असतो, पडद्यामागे कोणती प्रक्रिया चालू आहे हे कळते, आणि त्याच्या उपस्थितीने कोणी सावध होत नाही. हे गुण गमावणे शहाणपणाचे नाही. मध्यममार्ग म्हणून अदलाबदलीचे परीक्षण उपयुक्त ठरेल : शल्यकक्षाचे निरीक्षण औषधवैद्यक कक्षाच्या परिचारिकेने व औषधवैद्यक कक्षाचे शल्यकक्षाच्या परिचारिकेने करावे. तक्त्यावर व्यक्तीचे नाव नसावे, केवळ व्यवसायगट असावा. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धतीही व्यक्तीची ओळख न नोंदविण्याचीच आहे. डॉक्टरांच्या नोंदीसाठी मात्र संसर्ग नियंत्रण समितीतील एखाद्या डॉक्टरनेच निरीक्षक व्हावे, हे उचित. हे ओझे परिचारिकेच्या खांद्यावर टाकून नंतर रकाना रिकामा का, असे विचारणे न्याय्य नव्हे.

निरीक्षकांच्या परस्परसंमतीची तपासणी ही उपेक्षित राहिलेली बाब आहे. दोघींनी एकाच वेळी, एकमेकींशी न बोलता, त्याच १०० संधींची नोंद केली असे समजू. ६० संधींत दोघींनी ‘होय’ लिहिले, २० मध्ये दोघींनी ‘नाही’. १५ मध्ये फक्त पहिलीने ‘होय’ लिहिले आणि ५ मध्ये फक्त दुसरीने. वरवर पाहता ८० टक्के एकमत आहे. परंतु पहिलीच्या मते अनुपालन ७५ टक्के, दुसरीच्या मते ६५ टक्के. आणि निव्वळ योगायोगानेही ५७.५ टक्के एकमत झालेच असते. योगायोग वजा करणारा कोहेन यांचा कप्पा गुणांक येथे सुमारे ०.५३ येतो, म्हणजे मध्यमच. अशा जोडीने स्वतंत्रपणे परीक्षण सुरू करण्याआधी मतभेदाच्या वीस संधी एकत्र बसून पुन्हा पाहिल्या पाहिजेत. हातातील कागद व एक दुपार यांहून अधिक काही त्यास लागत नाही. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय कार्यक्रमासाठी प्रशिक्षित व तपासून घेतलेल्या परीक्षकांच्याच नोंदी ग्राह्य धरल्या जातात, हे येथे उल्लेखनीय आहे.

नमुन्याचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेने एका कक्षासाठी प्रत्येक परीक्षणकाळात सुमारे २०० संधींची शिफारस केली असून, निरीक्षणाचे एक सत्र साधारण २० मिनिटांचे, कमीअधिक १० मिनिटे, असावे असे म्हटले आहे. आपल्याकडे महिन्याला तीस संधी नोंदवून टक्केवारी काढण्याची प्रथा सर्रास दिसते. तीस संधींत ६० टक्के अनुपालन आढळले, तर संख्याशास्त्रानुसार खरे प्रमाण सुमारे ४२ ते ७८ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. २०० संधींत हीच मर्यादा सुमारे ५३ ते ६७ टक्के इतकी आकसते. एका परिचारिकेच्या सलग नोंदी परस्परांपासून स्वतंत्र नसल्याने प्रत्यक्ष अनिश्चितता याहूनही अधिक असते. तेव्हा मागील महिन्यातील ५८ टक्के या महिन्यात ६४ झाले म्हणून अभिनंदन, किंवा ५२ झाले म्हणून कारणे दाखवा नोटीस, या दोन्ही गोष्टी तीस नोंदींच्या आधारे निरर्थक ठरतात. मासिक आग्रह सोडून तिमाही २०० नोंदी घेणे अधिक शास्त्रीय होईल.

संख्येइतकेच वेळेचे वाटपही महत्त्वाचे आहे. बहुतेक परीक्षण सकाळी दहा ते बारा या वेळात होते, जेव्हा कर्मचारी पूर्ण असतात व वरिष्ठही उपस्थित असतात. मध्यरात्रीनंतर एकटी परिचारिका तीस-चाळीस रुग्ण सांभाळते, तेव्हाच्या संधी तक्त्यात येत नाहीत. साबण-पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद, तर अल्कोहोलयुक्त द्रावणाने चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात. तासाला वीस संधी धरल्या तर पहिल्या मार्गाने वीस मिनिटांपर्यंत वेळ केवळ बेसिनपाशी जाईल. हे गणित मांडल्याशिवाय ‘परिचारिका हात धुत नाहीत’ हे विधान अपुरे राहते.

नोंदीनंतरची वाट

जिनिव्हा येथील विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते व सहकाऱ्यांनी राबविलेला कार्यक्रम या विषयातील मैलाचा दगड मानला जातो. १९९४ मध्ये तेथील अनुपालन ४८ टक्के होते. १९९७ मध्ये ते ६६ टक्के झाले आणि त्याच सुमारास रुग्णालयजन्य संसर्गाचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. ही वाढ साबणाने हात धुण्यामुळे झाली नाही; प्रत्येक खाटेशी हॅण्डरब उपलब्ध करून दिल्याने झाली. डॉक्टरांच्या वर्तनात मात्र फारसा फरक पडला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले. ६६ टक्के ही जगास दिशा देणाऱ्या रुग्णालयाची कामगिरी होती, हे लक्षात घेतले म्हणजे सूचनाफलकावरील ९५ टक्क्यांचे वजन आपोआप कळते.

न्यूयॉर्कजवळील मॅनहॅसेट येथील अतिदक्षता कक्षात कॅमेऱ्याद्वारे केलेले परीक्षण २०१२ साली प्रसिद्ध झाले. कॅमेरे लावले, पण कर्मचाऱ्यांस निष्कर्ष सांगितले नाहीत, तोवर अनुपालन १० टक्क्यांच्याही खाली होते. निष्कर्ष त्वरित व सातत्याने दाखविण्यास प्रारंभ झाल्यावर ते ८० टक्क्यांच्या वर गेले. कॅमेऱ्यांचा खर्च आपल्या बहुतेक रुग्णालयांस परवडणारा नाही, आणि रुग्णांच्या खासगीपणाचा प्रश्नही त्यात आहे. परंतु त्यातील सार कागदी तक्त्यालाही लागू पडते : महिनाअखेरीस वरिष्ठांकडे जाणारा अहवाल कक्षाला काहीच शिकवीत नाही. निरीक्षणाचे सत्र संपताच, पाळी बदलताना, दोन मिनिटांत ‘आज इंजेक्शनपूर्वीच्या आठ संधींपैकी दोनच साधल्या’ असे सांगितले, तर त्याचा उपयोग दुसऱ्या दिवशी दिसू शकतो. एकूण टक्केवारीपेक्षा कोणता क्षण चुकतो हे सांगणे अधिक मोलाचे आहे.

भारतात एनएबीएचच्या मानकांत हस्तस्वच्छतेच्या अनुपालनाचा समावेश आहे. २०१५ साली सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ योजनेतही सार्वजनिक रुग्णालयांच्या गुणांकनात ती येते, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२० साली संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. यामुळे मोजणी सर्वदूर पोहोचली, हा लाभ निर्विवाद आहे. त्याचबरोबर मोजणीला गुण, मानांकन व पारितोषिक जोडले गेल्याने आकडा चांगला दिसण्याची निकडही वाढली. ज्या कक्षाने पद्धत सुधारली त्याचा आकडा पहिल्या तिमाहीत हमखास घसरणार. ९२ वरून ५५ वर आलेला कक्ष बिघडलेला नसतो, त्याची मोजणी सुधारलेली असते. अधिसेविका व वैद्यकीय अधीक्षक यांनी ही घसरण अपेक्षित असल्याचे परीक्षण सुरू होण्यापूर्वीच लेखी कळविले, तर परिचारिकेस ‘नाही’ लिहिण्याचे बळ येईल. अन्यथा पुढच्या महिन्यात आकडा पुन्हा ९२ होण्यास कोणाचेही हात धुतले जाण्याची आवश्यकता पडत नाही.

तक्त्यातच एक छोटी भर घालणे शक्य आहे. चुकलेल्या प्रत्येक संधीपुढे कारणासाठी एक रकाना ठेवावा : बाटली रिकामी होती, बाटली हाताच्या अंतरावर नव्हती, नळास पाणी नव्हते, हात कोरडे करण्यास कागद नव्हता, रुग्ण अत्यवस्थ होता, की यांपैकी काहीच नव्हते. यासोबत भांडारातून कक्षास महिन्याला किती हॅण्डरब दिले गेले याचा आकडा, दर हजार रुग्णदिवसांमागे किती लिटर या हिशेबात, जोडता येतो. अनुपालन ९५ टक्के आणि चाळीस खाटांच्या कक्षास महिन्याला अर्धा-अर्धा लिटरच्या दोनच बाटल्या, असे दोन कागद शेजारी ठेवले की त्यांपैकी कोणता विश्वासार्ह हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही. कारणांच्या रकान्यात पहिल्या दोन नोंदी वारंवार येऊ लागल्या, तर तो तक्ता परिचारिकांच्या प्रशिक्षणवर्गाकडे न पाठविता औषधभांडाराकडे पाठवावा लागेल.